गाठ साधी, जागा वाईट

मास्तरांनी हे लिहायला परवानगी दिली ती एका अटीवर: नाव, गाव आणि शाळा यांपैकी काहीही येता कामा नये. तेव्हा डिचोली तालुक्यातले एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, वय ६१, एवढंच सांगतो. आमच्या तालुक्यात निवृत्त मास्तरांची वानवा नाही, त्यामुळे ओळख पटायची भीती कमी. मी त्यांचा फिजिशियन. गेली नऊ वर्षं त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या मी लिहून देतो आणि कधीमधी गुरुवारच्या भजनाला त्यांच्या पडवीत जाऊन बसतो. मास्तर पेटी वाजवतात, आणि चांगली वाजवतात.

चवथीच्या आदल्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास मास्तर स्टुलावर उभे राहून माटोळी बांधत होते. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, गणपतीच्या डोक्यावर छताला लाकडी चौकट टांगून तिला नारळाची पेंड, सुपारीचे घड, आंबाडे, तोरंजन आणि रानातून आणलेली फळं-पानं बांधतात, तिला माटोळी म्हणतात. बांधायला नायलॉनची दोरी चालत नाही, केवणीच्या सालीचे दोर लागतात. पुतण्या खालून एकेक वस्तू वर देत होता. मास्तरांच्या उजव्या हातातून तोरंजन सुटून खाली पडलं. त्याने उचलून परत दिलं. परत पडलं. मास्तर खाली बघून म्हणाले, "पेटी दे."

"खंयची पेटी, काका?"

"पेटी रे. पेटी दे."

त्यांना केवणीचा दोर हवा होता. नंतर त्यांनीच मला सांगितलं, "डोक्यात दोर होता, तोंडात पेटी येत होती. आपण चुकतोय हेही कळत होतं. चौथ्या वेळी मी गप्पच बसलो."

त्यांना खाली उतरवून बसवलं, साखरपाणी दिलं. पंचवीस मिनिटांत हात आणि बोलणं दोन्ही पूर्ववत झालं. सकाळपासून धावपळ, पोटात धड काही नाही, त्यात स्टुलावर मान वर करून काम, म्हणून चक्कर आली असा घरात निष्कर्ष निघाला. जवळच्या दवाखान्यात रक्तदाब १६०/९४ भरला, चक्करेच्या गोळ्या मिळाल्या. मास्तरांनी घरी येऊन माटोळी स्वतः पुरी केली. माझ्याकडे ते आले ते दीड दिवसाचं विसर्जन आटोपून, म्हणजे प्रकार घडल्यावर दोन दिवसांनी.

या दोन दिवसांबद्दल मला थोडं चिडून लिहावं लागेल. हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं किंवा शब्द चुकायला लागले आणि थोड्या वेळाने सगळं आपोआप बरं झालं, तर लोक देवाला नारळ ठेवतात आणि कामाला लागतात. पण अशा झटक्यानंतर खरा पक्षाघात येण्याची भीती सर्वांत जास्त असते ती पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत. बरं झालं हीच घाई करायची खूण. आणि बरं झालं नाही तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देण्यासाठी साधारण साडेचार तासच हातात असतात. १०८ला फोन करायला चवथ आडवी येत नाही. मास्तर वाचले ते नशिबाने, आमच्या कोणाच्या हुशारीने नाही.

तपासताना माझ्या हाताला काही लागलं नाही. नाडी नियमित, रक्तदाब १४८/८८, दोन्ही हातांची ताकद सारखी. खिशातलं पेन दाखवून हे काय विचारलं तर लगेच सांगितलं. स्टेथोस्कोप दाखवला तेव्हा मात्र क्षणभर थांबले, मग म्हणाले, "तुमचं ते... नळी." हृदयाचे ठोके स्वच्छ, कुठलाही जादा आवाज नाही. मी त्यांना त्याच दिवशी दाखल करून घेतलं.

एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला, पृष्ठभागालगत, दोन ताजे ठिपके होते. एक बोलण्याच्या भागाजवळ, दुसरा हाताच्या. तांदळाच्या दाण्याएवढे. लक्षणं अर्ध्या तासात गेली असली तरी एमआरआयवर ताजा डाग दिसला की त्याला तात्पुरता झटका म्हणायचं नसतं, तो छोटा का होईना पक्षाघातच. मानेच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाहाची सोनोग्राफी, केला: किरकोळ चरबी, अडथळा नाही. ठोके सलग नोंदवणारं यंत्र, होल्टर, ४८ तास लावलं, त्यात ठोक्यांची लय कुठेही बिघडली नाही. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी ६.१. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १३२. छातीवरून केलेल्या इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, अहवाल सामान्य: हृदयाचं पंपिंग उत्तम, डावा कप्पा रक्तदाबामुळे किंचित जाड, आणि शेवटून दुसऱ्या ओळीत 'महाधमनीची झडप किंचित जाड, वयोमानानुसार'.

'वयोमानानुसार' हा आमच्या धंद्यातला फार सोयीचा शब्द आहे. तो लिहिला की पुढचं वाक्य कोणी वाचत नाही.

उत्तर तयारच होतं. वय ६१, रक्तदाब, काठावरची साखर, थोडं कोलेस्टेरॉल. अशा माणसाला पक्षाघात होतो, त्यात शोधायचं काय? अ‍ॅस्पिरिन, त्याच्या जोडीला काही आठवडे दुसरी रक्त पातळ करणारी गोळी, कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन, मीठ कमी, आणि घरी. डिस्चार्जचा कागद मी लिहायलाही घेतला होता. तेवढ्यात काकी, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, म्हणाल्या, "डॉक्टर, यांनी ते डोळ्याचं सांगितलं का तुम्हांला?"

मार्चमध्ये एका सकाळी पेपर वाचताना मास्तरांच्या उजव्या डोळ्यावर वरून खाली पडदा उतरल्यासारखं झालं. पाच मिनिटं काही दिसेना. मग पडदा वर गेला. सांगितलं होतं त्यांनी मला. जुनी फाइल काढली तर माझ्याच अक्षरात होतं: 'उ. डोळा धूसर ५ मि., नेत्रतज्ज्ञांना दाखवणे.' त्यांनी दाखवलं, चष्म्याचा नंबर बदलून आला, आणि विषय तिथे संपला. नेत्रतज्ज्ञाला मी चिठ्ठीत 'पडदा' हा शब्द लिहिला नव्हता, 'धूसर' लिहिला होता. रुग्णाचा शब्द नेमका होता. मी तो बदलला, आणि बदलताना त्यातलं निदान गाळून टाकलं. हळूहळू येणारी धूसरता आणि खाली उतरणारा पडदा यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. दुसऱ्याचा अर्थ डोळ्याच्या रक्तवाहिनीत काहीतरी अडकून पुढे सरकलं असाही होऊ शकतो.

आता हिशेब बदलला. उजव्या डोळ्याला रक्त येतं मानेच्या उजव्या धमनीतून. बोलण्याचा भाग डाव्या मेंदूत, तिथे रक्त येतं डाव्या धमनीतून. दोन्ही धमन्या डॉपलरवर जवळजवळ साफ. घरात दोन वेगवेगळ्या नळांना गढूळ पाणी यायला लागलं तर आपण नळ उघडून बसत नाही, गच्चीवरची टाकी बघतो. कागद बाजूला ठेवला आणि पणजीतल्या एका हृदयरोगतज्ज्ञ मित्राला फोन केला.

अन्ननलिकेतून

छातीवरून केलेल्या इकोत हृदय आणि यंत्र यांच्यामध्ये बरगड्या, फुप्फुसं आणि मास्तरांच्या बाबतीत थोडी चरबी येते. अन्ननलिका मात्र हृदयाच्या पाठीला अगदी चिकटून जाते. तिच्यात बारीक नळी सोडून आतून बघितलं की झडपा हातभर जवळ येतात. सहा तास उपाशी ठेवतात, घशाला बधिर करणारा फवारा मारतात, गुंगीचं औषध देतात. मास्तरांनी नंतर त्याचं वर्णन केलं ते असं: "मासळीचा काटा अडकल्यासारखं वाटतं, पण काटा तीन फूट लांब."

मी त्या दिवशी पडद्यासमोर उभा होतो. हृदयातून सगळ्या शरीराला रक्त नेणारी ती महाधमनी, तिच्या तोंडावरच्या झडपेला तीन पाकळ्या असतात. हृदय आकुंचन पावलं की उघडतात, प्रसरण पावलं की मिटतात, मिनिटाला सत्तर-ऐंशी वेळा. डाव्या पाकळीच्या वरच्या, म्हणजे महाधमनीकडच्या बाजूला काहीतरी हललं. मित्राने चित्र थांबवलं तर ते नाहीसं झालं, पुन्हा चालू केलं तर पुन्हा दिसलं. आखूड देठ आणि टोकाला एक छोटा गोळा, प्रत्येक ठोक्याबरोबर नाचणारा. गोळ्याची कड एकसंध नव्हती, लुकलुकत होती. ओहोटीच्या वेळी खडकाला चिकटलेलं शेवाळ लाटेसरशी हलतं तसं. मोजलं तर ११ मिलिमीटर. पहिल्या अहवालातली 'वयोमानानुसार' जाडी ती हीच. त्या तपासनिसाला मी दोष देणार नाही. थांबवलेल्या चित्रात मलाही ते दिसलं नसतं.

झडपेवर काही हलताना दिसलं की आमच्याकडे पहिलं नाव येतं ते जंतुसंसर्गाचं. झडपेवर जंतूंची वाढ झाली तर ती अशीच लोंबकळते, पण ती बहुधा रक्त ज्या बाजूने येतं त्या अंगाला धरते आणि झडप कुरतडते. मास्तरांना ताप नव्हता, वजन घटलेलं नव्हतं, सीआरपी ही दाह दाखवणारी रक्तचाचणी सामान्य. तरीही जंतू वाढतात का ते बघायला तीन वेळा रक्त कल्चरला पाठवलं. तिन्ही निर्जंतुक. दुसरी शक्यता साध्या गुठळीची. धडधाकट झडपेवर ती सहसा धरत नाही, आणि ज्या आजारांत धरते त्यांच्या रक्तचाचण्याही कोऱ्या आल्या. मिक्सोमा ही हृदयातली प्रसिद्ध गाठ, पण ती बहुतेक वेळा डाव्या वरच्या कप्प्यात, दोन कप्प्यांमधल्या पडद्याला धरून वाढते. झडपेवर तिचा मुक्काम क्वचित.

उरलं ते नाव मी तोपर्यंत पुस्तकातच वाचलं होतं: पॅपिलरी फायब्रोइलास्टोमा.

लांबलचे धागे

इथे थोडं विषयांतर करतो, कारण या गाठीच्या पूर्वजाची गोष्ट मला आवडते. विल्हेम लांबल हा एकोणिसाव्या शतकातला चेक डॉक्टर. १८५६मध्ये त्याने महाधमनीच्या झडपेच्या कडांवर उगवलेले केसासारखे बारीक धागे वर्णन करून ठेवले. वय वाढतं तसे ते अनेकांच्या झडपांवर सापडतात. आजही त्यांना लांबलचे धागे म्हणतात. याच माणसाचं दुसरं काम आपल्या अधिक परिचयाचं आहे. पाणी बाधलं की पोटात गडबड करणारा जो जिआर्डिया, त्याचं जुनं पूर्ण नाव जिआर्डिया लांब्लिया. तो जंतू लांबलने १८५९मध्ये वर्णिला, म्हणून नावात तो आला. एकाच माणसाचं नाव हृदयाच्या झडपेवरही आणि जुलाबाच्या अहवालावरही. वैद्यकात असा मान फार थोड्यांना मिळाला असेल.

फायब्रोइलास्टोमाला पूर्वी 'राक्षसी लांबल धागे' असंही म्हणत. सूक्ष्मदर्शकाखाली दोघांची घडण सारखीच: मध्ये कोलॅजन हे चिवट प्रथिन आणि लवचीक तंतू, भोवती पेशींचा एकच पातळ थर, आणि आत एकही रक्तवाहिनी नाही. फरक इतकाच की लांबलचे धागे सुटे आणि बारीक असतात, फायब्रोइलास्टोमात ते एका देठावर झुबक्याने येतात.

हृदयात मुळातच उगवणाऱ्या गाठी अत्यंत दुर्मीळ. शवविच्छेदनांच्या जुन्या मालिकांतून दहा हजारांत दोन-तीन असा आकडा येतो. त्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश कॅन्सर नसलेल्या. इतर अवयवांतला कॅन्सर हृदयात पसरण्याचं प्रमाण याच्या कितीतरी पट जास्त. बिनकॅन्सरी गाठींत मिक्सोमा पहिली आणि फायब्रोइलास्टोमा दुसरी, असं मी शिकलो. अन्ननलिकेतून इको करायला लागल्यापासून हा क्रम डळमळीत झाला आहे, मोठ्या केंद्रांत आता फायब्रोइलास्टोमाच जास्त सापडते. झडपांवरच्या गाठींत तर तीच सर्वांत मोठ्या संख्येने. बहुतेक वेळा महाधमनीच्या झडपेवर, त्याखालोखाल डाव्या दोन कप्प्यांमधल्या मायट्रल झडपेवर, बहुधा एकच, साधारण सेंटिमीटरच्या आसपास. अनेकांना त्रास काहीच नसतो. दुसऱ्याच कारणाने केलेल्या इकोत ती दिसते. झडप नीट उघडते-मिटते, त्यामुळे स्टेथोस्कोपलाही काही ऐकू येत नाही. मला आलं नाही, तसंच.

"कॅन्सर न्हय मूं?"

दाखल केल्याच्या नवव्या दिवशी मी घरच्यांना एकत्र बसवलं. मास्तर, काकी, वेर्ण्याच्या औषध कारखान्यात नोकरी करणारा मुलगा, पुण्याहून आलेली मुलगी आणि मेहुणे. हृदयात गाठ आहे, एवढंच मी म्हणालो आणि काकींनी पदर तोंडाला लावून विचारलं, "कॅन्सर न्हय मूं?"

"नाही. कॅन्सर नाही. दिसते तरी अगदी साधी गाठ."

खोलीतली हवाच बदलली. मेहुण्यांनी चहा सांगितला. मुलीने कोणाला तरी व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं. मास्तर शर्टाची बटणं लावून उठलेच, "चला, सुटलो एकदाचे. पुढच्या महिन्यात येऊन दाखवतो." पुढचं सांगायला माझ्याजवळ जी पाच मिनिटं होती ती मी या आनंदात घालवली. चूक माझी. 'कॅन्सर नाही' हे वाक्य पहिलं बोलायचं नाही, हे मी त्या दिवशी शिकलो. ते बोललं की त्यानंतरचं काहीच कानात शिरत नाही.

'साधी' किंवा 'सौम्य' हा शब्द पेशींच्या स्वभावाबद्दल असतो. त्या आजूबाजूला घुसत नाहीत, दुसऱ्या अवयवात जाऊन बस्तान बसवत नाहीत. ती कुठे बसली आहे याबद्दल हा शब्द काहीच सांगत नाही. शेवटी मी आमच्या भागातलंच उदाहरण दिलं. चोर्ला घाटात वळणावर रिकामा ट्रक बंद पडला आहे. त्यात ना पेट्रोल, ना स्फोटकं. ट्रकचा काही दोष नाही. पण तो उभा कुठे आहे ते बघा.

मग कागदावर झडप काढून दाखवली. या गाठीचे धागे ठिसूळ असतात, त्यांचा तुकडा तुटून मेंदूकडे जाऊ शकतो. धाग्यांच्या बेचक्यांत रक्ताची बारीक गुठळीही धरते, तीही सुटते. मार्चमधला पडदा आणि चवथीची 'पेटी' यांचं स्पष्टीकरण हेच. तिसरा धोका मला जास्त अस्वस्थ करत होता. हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त देणारी डावी धमनी याच डाव्या पाकळीच्या वर, काही मिलिमीटर अंतरावर उघडते. झडप मिटते तेव्हाच त्या धमनीत मुख्यतः रक्त जातं, आणि त्याच क्षणी हा गोळा तिच्या तोंडाशी हेलकावत असतो. तो एकदा तोंडावर बसला तर हृदयविकाराचा झटका, किंवा त्याच्याही आधी सगळं संपलेलं. अशा अचानक मृत्यूंची नोंद वैद्यकीय वाङ्मयात आहे.

मुलगा औषधांच्या कारखान्यातला, त्याचा प्रश्न नेमका होता. "गोळीने विरघळणार नाही का?" नाही. हा कोलॅजनचा झुबका आहे, आत रक्तवाहिनीच नाही, औषधाने तो आटत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळीने त्याच्यावर धरणारी गुठळी कमी होईल, धागा तुटायचा तो तुटेलच. ज्यांना शस्त्रक्रिया झेपणारच नाही त्यांना आम्ही ती गोळी देतो, नाइलाज म्हणून. मग तो म्हणाला, "म्हणजे बरे असलेल्या माणसाची छाती उघडायची?"

प्रश्न रास्त होता, आणि प्रत्येक फायब्रोइलास्टोमाला उत्तर 'हो' नाही. हृदयाच्या उजव्या बाजूची, लहान, न हलणारी गाठ असेल तर बहुतेक जण इकोने नजर ठेवतात. डाव्या बाजूची, हलणारी, सेंटिमीटरच्या वरची असेल तर लक्षणं नसली तरी काढायचा सल्ला देतात. आणि एकदा तुकडा मेंदूत गेला असेल तर वाद उरत नाही. २००३मध्ये अशा ७२५ रुग्णांचा एक आढावा प्रसिद्ध झाला. मृत्यू किंवा तुकडा सुटणं यांचा स्वतंत्र अंदाज देणारी एकच गोष्ट त्यात सापडली, ती म्हणजे गाठीचं हलणं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २०१५मध्ये ५११ रुग्णांचा अनुभव मांडला. ज्यांची गाठ तशीच ठेवली होती त्यांच्यात पक्षाघात जास्त आढळले. मास्तरांची गाठ हलत होती, डावीकडे होती, ११ मिलिमीटरची होती आणि दोनदा बोलून गेली होती.

मुलीला वेगळीच काळजी. "आम्हांलाही असेल का?" मिक्सोमा काही मोजक्या कुटुंबांत आनुवंशिक असते, ही गाठ तशी चालत येत नाही. घरातल्या सगळ्यांचा इको करायची गरज नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. मेहुण्यांनी तरी स्वतःचा करून घेतलाच.

खरा अडसर निघाला तो लग्नाचा. मुलीचं लग्न डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ठरलेलं. मास्तर म्हणाले, ते होऊ दे, मग पौषात काय करायचं ते करा, पौषात तसंही दुसरं काही करत नाहीत. मी दिवस मोजून दाखवले. उरोस्थी, म्हणजे छातीच्या मधलं हाड, सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात. सप्टेंबर संपायच्या आत शस्त्रक्रिया झाली तर लग्नापर्यंत दहा-अकरा आठवडे मिळतात, अक्षता टाकायला आणि जेवणावळीत फिरायला पुरेसे. थांबलो तर तीन महिने रोज लाखभर ठोके, आणि दर ठोक्याला तो गोळा नाचणार. हिशेब मांडलेला मास्तरांना आवडला. गणित शिकवायचे ते. "तारीख घ्या," म्हणाले.

पैशांचं थोडक्यात: गोवा सरकारची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६पासून आहे. चार किंवा अधिक माणसांच्या कुटुंबाला वर्षाला चार लाखांपर्यंत, तिघांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाखांपर्यंत संरक्षण मिळतं. कार्ड घरात होतं, नूतनीकरण राहिलं होतं. मुलाने दोन दिवस धावपळ करून ते मार्गी लावलं. वाचकांपैकी ज्यांचं कार्ड कपाटात आहे त्यांनी एकदा तारीख बघावी.

वाटीतलं फूल

या वयाच्या माणसाची झडपेची शस्त्रक्रिया करण्याआधी हृदयाच्या धमन्यांत अडथळा आहे का ते बघतात. नेहमीच्या अँजिओग्राफीत नळी महाधमनीतून झडपेपर्यंत न्यावी लागते. इथे तेच नको होतं. नळीचं टोक गोळ्याला लागलं तर आपणच तुकडा मेंदूत पाठवायचो. म्हणून सीटी अँजिओग्राफी केली, हातातल्या शिरेतून औषध देऊन. धमन्या ठीक होत्या.

शस्त्रक्रियेला मी हजर होतो, कोपऱ्यात, हात पाठीमागे बांधून. छातीचं हाड मधोमध उघडलं, हृदय-फुप्फुस यंत्र जोडलं, महाधमनीला चिमटा लावला, आणि पोटॅशियम असलेलं थंड द्रावण देऊन हृदय थांबवलं. तोपर्यंत हृदयाला कोणी गरजेपेक्षा जास्त हात लावला नाही. हाताळताना तुकडा सुटू नये म्हणून. महाधमनीला आडवा छेद घेतला आणि शल्यविशारद आत वाकल्या. "या, बघा," म्हणाल्या.

मला निराशा झाली. पाकळीवर चिकट, पांढरट, मिटलेला एक थेंब. ओला कापूस चिमटीत दाबावा तसा. पडद्यावर नाचत होता तो हाच का, असं वाटलं. त्यांनी देठाच्या मुळाशी, पाकळीचा पातळसा थर घेऊन, तो अलगद सोडवला. पाकळीला भोक पडलं नाही, टाका लागला नाही. झडप बदलावी लागली नाही. या गाठीत बहुतेक वेळा लागत नाही, आणि तेच सर्वांत मोठं समाधान, कारण कृत्रिम झडप म्हणजे नवी आयुष्यभराची जबाबदारी.

मग परिचारिकेने स्टीलच्या वाटीत सलाइन ओतलं आणि तो थेंब त्यात सोडला. दोन-तीन सेकंदांत तो उमलला. शेकडो पांढरे, जवळजवळ पारदर्शक धागे चहूबाजूंनी पसरले आणि वाटी हलली की सगळे एकदम एका दिशेला झुकायचे. पुस्तकात याला समुद्रफुलाची, म्हणजे सी-अ‍ॅनिमोनची, उपमा देतात. ज्यांनी हणजूणच्या खडकांत ओहोटीच्या वेळी डबक्यात वाकून पाहिलं आहे त्यांना ती समजावून सांगायची गरज नाही: पाणी ओसरलं की चिकट गोळा, पाणी आलं की फूल. शल्यविशारदांनी मोबाइलवर दहा सेकंदांचा व्हिडिओ घेतला. तो मी मास्तरांना नंतर दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "छान आहे हो दिसायला."

हृदय पुन्हा सुरू झालं, अन्ननलिकेतून इको करून झडप गळत नाही याची खात्री केली. प्रयोगशाळेचा अहवाल पाचव्या दिवशी आला. लवचीक तंतू दाखवणाऱ्या रंगात धाग्यांचे गाभे काळे उठून दिसत होते. पॅपिलरी फायब्रोइलास्टोमा, कॅन्सरचा अंश नाही. धाग्यांच्या बेचक्यांत ताज्या गुठळीचे बारीक कण होते.

सगळं सरळ पार पडलं असं मात्र नाही. तिसऱ्या रात्री हृदयाची लय बिघडली, नाडी १४० आणि पूर्ण अनियमित. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर असं पुष्कळांना होतं, अ‍ॅमिओडारोनने दीड दिवसात ताळ्यावर आलं. पण ती रात्र काकींनी अतिदक्षता विभागाच्या बाहेर बाकड्यावर काढली आणि सकाळी मला बघून त्या पहिल्यांदाच रागावल्या. "कॅन्सर नाही म्हणाला होता ना तुम्ही?" मी उत्तर दिलं नाही.

लग्नात मास्तर उभे होते. सामान उचलायला बंदी, स्कूटरला बंदी, आणि पेटीलाही. भाता ओढताना छातीवर ताण येतो म्हणून तीन महिने पेटी बंद ठेवली होती. भजनाला ते टाळ घेऊन बसायचे आणि दुसऱ्याच्या पेटीतल्या चुका चेहऱ्यावर दाखवायचे. जानेवारीत पेटी सुरू झाली. एखादा शब्द अजून अडतो, थकले की जास्त. माटोळी आता पुतण्या बांधतो, मास्तर खालून दोर देतात.

अ‍ॅस्पिरिन, स्टॅटिन आणि रक्तदाबाची गोळी चालू आहे. ही गाठ काढल्यावर पुन्हा उगवणं विरळा, तरी वर्षातून एकदा इको करायचं ठरवलं आहे. पहिल्या वर्षीचा स्वच्छ आला. पुढचा फेब्रुवारीत. काकींनी तारीख कालनिर्णयवर लिहून ठेवली आहे, पेटीचे सूर दुरुस्त करायला येणाऱ्या माणसाच्या तारखेखाली.